कड्याहून आलेली कोंबडी

मी अंडी धुतली. एवढंच केलं. माणसं तोंड धुतात, भांडी धुतात, बैल धुतात. मी अंडी धुतली, आणि तीही नुसत्या पाण्यानं नाही, आंघोळीच्या वासाच्या साबणानं, एकेक हातात घेऊन, वाळलेली घाण नखानं खरवडून. उबवायला ठेवलेली अंडी धुवायची नसतात, हे आमच्या घरात चार वर्षांच्या मंगलपासून सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. मी तेव्हा बीडला खोली करून डी.एड. करत होतो आणि सुट्टीला घरी आलो की मला घरातलं सगळंच जरा मळकं दिसायचं. अण्णांचं धोतर मळकं, चुलीमागची भिंत मळकी, बैलांच्या शेपट्या मळक्या. त्या सकाळी अंडी मळकी दिसली.

आमचं घर लिंबागणेशच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत. पुढं ओसरी, मधे लांबट माजघर, मागं चूल, आणि बाजूला कडब्याचं छप्पर. घरात अण्णा, माय, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांची मंगल. माणसं मोजकीच, पण कामं अशी की घरात कुणी कुणाशी बसून बोलतंय असं चित्र मला आठवतच नाही. सगळे चालता चालता बोलायचे. दादा उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर. तो कधी येई, कधी जाई, ते ट्रॅक्टरच्या आवाजावरून कळे आणि तेवढ्यात माय भाकरी फडक्यात बांधून पळत दारापर्यंत जाई. अण्णा ज्वारीला पाणी द्यायला, कारण वीज कधी येईल याचा भरवसा नाही. वहिनी म्हणजे तर एक चालतं यंत्रच. धार, शेण, चूल, कापूस वेचणी, गिरणी, मंगलची वेणी. या सगळ्या धांदलीत बाजरीच्या भाकरीचा वास, ठेच्याचा ठसका, मायच्या बांगड्या आणि कणाकणानं तापत जाणारं ऊन. हे सगळं आज मला सोन्यासारखं वाटतं. तेव्हा मी नाकाला रुमाल लावून हिंडत होतो. खरंच. रुमालाला मी अत्तर लावत असे.

तर कोंबडी. वहिनी कड्याच्या, कडा हे त्यांच्या माहेरचं गाव. त्यांची आई त्याच पावसाळ्यात गेली. दिवस-तेरावं झालं, भावांनी भांडीकुंडी वाटून घेतली आणि बहिणीला म्हणाले, तुला काय पाहिजे ते ने. वहिनींनी कोंबडी मागितली. भाऊ हसले. बाकीच्या कोंबड्या दिवसांच्या पाहुण्यारावळ्यांत संपल्याच होत्या. ही म्हातारी, शिजायची नाही, म्हणून राहिली होती. वहिनी तिला वायरच्या पिशवीत घालून, मुंडकं तेवढं बाहेर ठेवून एस.टी.नं घेऊन आल्या. कंडक्टरनं विचारलं, "हिचं तिकीट?" वहिनी म्हणाल्या, "मांडीवरचं लेकरू हाय दादा, त्याला कशाचं तिकीट?" सगळी गाडी हसली म्हणे. वहिनी असं बोलू शकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आमच्या घरात त्या "व्हय" आणि "आणते" या दोन शब्दांवर भागवत.

ती कोंबडी उघड्या मानेची होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो: अशा कोंबडीच्या मानेवर पीस नसतं. अंगावर सगळं ठाकठीक, आणि मान म्हणजे नुसती लाल, सुरकुतलेली कातडी, आजारातून उठलेल्या म्हाताऱ्यानं उपरणं विसरावं तशी. वहिनींच्या आईकडं सगळ्या कोंबड्या अशाच. त्यांच्या गल्लीत म्हातारीला ओळखतच त्या नावानं, उघड्या मानेच्या कोंबड्यांवाली. उन्हाळा त्यांना सोसतो, रोगाला त्या दाद देत नाहीत, असं वहिनी कौतुकानं सांगत. मला ती कोंबडी बघवत नसे. मी तिला एकदा "ही कपडे घालायचं विसरली का?" असं म्हटलं. माय हसली. वहिनींनी कोंबडीला उचलून दुसरीकडं ठेवलं.

थंडी पडायला लागली तशी कोंबडीनं मोजकी अंडी दिली आणि ती खुडूक झाली. म्हणजे खाणं सोडलं, अंग फुगवलं, जवळ गेलं की घशातल्या घशात खुड्‌खुड् असा राग करायला लागली. वहिनींनी ती सगळी अंडी ज्वारीच्या डब्यात जपून ठेवलेली होती. टोपल्यात राख, राखेवर भुस्कट, त्यावर अंडी, त्यावर कोंबडी, असं त्यांनी मांडलं. आणि त्याआधी प्रत्येक अंड्याला मधोमध कोळशानं एक गोल रेघ ओढली, तान्ह्या पोराच्या कमरेला करदोडा बांधावा तशी. ती रेघ कशाला, तर खुडूक कोंबडी दाणे टिपायला उठली की घरच्या इतर कोंबड्या त्याच उबदार टोपल्यात येऊन अंडं घालून जातात. रेघेचं अंडं बसवलेलं, बिनरेघेचं ताजं. संध्याकाळी वहिनी हात घालून बिनरेघेची काढून घेत. इतकं साधं.

"आत्याबाई, हिचं आता हे शेवटचंच बसणं," वहिनी मायला म्हणाल्या तेव्हा मी ओसरीवर दाढी करत होतो. "एक जरी उघड्या मानेची निघाली ना, तर आईची जात ऱ्हाईल."

"ऱ्हाईल की," माय म्हणाली. "कावून न्हाई ऱ्हायची?"

बाहेर बोके आणि मुंगूस, शिवाय गारठा. म्हणून टोपलं माजघरात, दाराआडच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, पुढं गोणपाटाचा पडदा. त्या टोपल्यामुळं आमच्या घराची चालच बदलली. दार आपटायचं नाही. मंगलनं ओरडायचं नाही. अण्णांनी आयुष्यात कधी कुणासाठी आवाज खाली केला नव्हता, तो कोंबडीसाठी केला; खोकला आला तरी उठून ओसरीवर जाऊन खोकत. दादा ट्रॅक्टर लांब उभा करून चालत येई. येता जाता प्रत्येक जण पडदा जरा बाजूला करून बघे, आणि कोंबडी प्रत्येकाला खुड्‌खुड् करून हाकलून देई. मला तेवढा वास येई. बीडच्या मित्रांना मी सांगितलेलं होतं की आमच्या घरी हॉल आहे. तो हॉल म्हणजे हे माजघर.

आणि नेमकं त्याच दिवसांत माझं लग्न निघालं. पोरगी माजलगावकडची. आम्ही जाऊन बघून आलो होतो. बघून म्हणजे मी सुपारीच्या तबकाखालचे तिचे हात बघितले होते आणि तेवढ्यावर पसंत केली होती. आता त्यांची माणसं आमचं घर बघायला येणार होती. तिकडं धरणाचं पाणी, बारमाही ऊस, सिमेंटची घरं. त्यांच्या दारातली फरशी मला सारखी डोळ्यांपुढं दिसे. सांगावा आला, अमक्या दिवशी दुपारच्या गाडीनं येतो. मायनं येसर, म्हणजे भाजल्या धान्याचं मसाल्याचं पीठ, काढला, कारण आमच्याकडं पाहुण्याला येसरची आमटी झाली नाही तर जेवण झालं असं धरत नाहीत. वहिनींनी आदल्या दिवशी घर सारवलं. मी आरशासमोर उभा राहून, पाहुण्यांशी कसं बोलायचं त्याची तालीम केली.

त्या दिवशी सकाळी वहिनी गव्हाचं दळण घेऊन गिरणीवर गेल्या, माय शेजारून पाट आणि गालिचा मागायला गेली, अण्णा आणि दादा शेतात. घरात मी आणि मंगल. मी माजघरात जिथं पाहुणे बसणार तिथं बसून बघितलं. समोर गोणपाट. त्याच्यामागून वास. मी ठरवलं. पडदा ओढला, कोंबडीला दोन्ही हातांनी उचललं. तिनं मनगटावर चोच मारली, त्याची खूण बरेच दिवस होती. तिला नेऊन कडब्याच्या छपरात डालग्याखाली झाकली. मग अंडी बघितली. विष्ठेनं माखलेली, राखेनं भरलेली, काहींवर काळे ओरखडे. आता कुणी म्हणेल, नुसतं टोपलं हलवलं असतं तर भागलं असतं. भागलं असतं. पण माझ्या अंगात स्वच्छता संचारली होती. घमेल्यात पाणी घेतलं, गार, रांजणातलं, आणि बसलो.

मंगल माझ्यासमोर उकिडवी बसली. "काका, अंड्याची आंघूळ?"

"व्हय. पाव्हणे येणारेत ना."

"त्यायला पावडर लावायची?"

"न्हाई, पावडर न्हाई."

अंडी अशी लखलखीत निघाली की मला अभिमान वाटला. एका ओळीत वाळत ठेवली. तेव्हा घमेल्यातल्या पाण्याकडं लक्ष गेलं. ते काळं झालं होतं. मग मला आठवलं, त्या काळ्या रेघा कशासाठी होत्या. सकाळी त्यात बिनरेघेचीही होती. मी त्यांनाही तितक्याच मायेनं धुतलं होतं. आता सगळी एकसारखी, एका आईची लेकरं. मी ती टोपल्यात नवं भुस्कट घालून छपरात ठेवली आणि कोंबडीला वर बसवली. ती उभी राहिली. पुन्हा बसवली, पुन्हा उभी. शेवटी डालगं टाकलं आणि मनाशी म्हटलं, बसेल. वहिनी आल्या की सांगू. तेवढ्यात फाट्याकडून माणसं येताना दिसली. पाहुणे दुपारच्या ऐवजी सकाळच्याच गाडीनं आले होते, आणि त्यांच्यामागून डोक्यावर पिठाचा डबा घेऊन वहिनी जवळजवळ पळत येत होत्या.

तिघं होते. पोरीचे वडील, फार न बोलणारे. तिची आत्या, जिची नजर घरात शिरताच आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत फिरली. आणि तिचे मामा. मामा म्हणजे मोठं पोट, मोठा आवाज आणि पानानं रंगलेलं तोंड. मामांनी आल्या आल्या घर ताब्यात घेतलं. माय गालिचा घेऊन परत आली. अण्णांना सांगावा धाडला, तेही चिखलाच्या पायांनी आले. चहा आला तर मामांनी हात आडवा केला.

"साखर हाय मला. च्या न्हाई, गोड न्हाई, बटाटा न्हाई. डाक्टरनं माझं सगळं खाणं बंद केलंय बघा."

माय कावरीबावरी झाली. "मग भाऊ, घेणार काय तुमी?"

"काई न्हाई हो. आता एखादं अंडं-बिंडं घरात आसलं तर गोष्ट येगळी."

मी उभाच होतो. "हायत की! घरची, ताजी," असं म्हणून मी छपराकडं धावलो. सासरच्या माणसापुढं धावण्याची माझी ती पहिली वेळ. पुढं सवय झाली. टोपल्यापाशी गेलो. कोंबडी डालग्याच्या एका कडेला, अंडी दुसऱ्या कडेला. मी एकेक अंडं तळहातावर तोलून बघितलं, जणू मला त्यातलं काही कळत होतं. दोन निवडली आणि चुलीपाशी नेऊन वहिनींपुढं धरली.

वहिनींनी त्या पांढऱ्याशुभ्र अंड्यांकडं बघितलं. "कुठून आणली भावजी? शेजारून?"

"ताजी हायत," मी म्हणालो. ते काही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण त्यांचा एक हात पिठात, एक तव्यावर. त्यांनी जास्त विचारलं नाही.

मामा स्वैपाकाच्या दारापर्यंत पाट ओढून आले होते. "कांदा सढळ हातानं टाक पोरी. मिर्ची बारीक. आन् जरा कोथमीर." वहिनींनी वाटीच्या कडेवर पहिलं अंडं फोडलं, ठीक निघालं. दुसरं फोडलं. वाटीत जे पडलं ते पूर्ण तयार होत आलेलं पिल्लू होतं. मी वहिनींच्या खांद्यावरून बघत होतो. ओली, चिकटलेली पिसं, एक मिटलेला डोळा, आणि मान. मानेवर काही नव्हतं. मान उघडी होती.

वहिनींनी वाटीवर पदर धरला. आणि मंगल स्पष्ट, शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली, "काकानं अंड्याला साबन लावला. सगळ्या अंड्याला. मला म्हन्ला पाव्हणे येणारेत."

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वाटीकडं, आणि असे हसायला लागले की त्यांना पाटावरून उठवेना. "आरं देवा! साबन! आवो दाजी, या इकडं, ऐका, तुमचा जावई लई स्वच्छतेचा हाय! अंड्याला आंघूळ घालतो, तर पोरीला काय उकळत्या पाण्यातनं काढतो का काय!" पोरीचे वडीलही हसले, अण्णा हसले, माय तोंडाला पदर लावून हसली. पोरीची आत्यासुद्धा. लग्न तिथंच जमलं. मामा जायच्या वेळी अण्णांना म्हणाले, "पोरगं येडं हाय पण निर्मळ हाय." आजही सासरवाडीत मी साबणवाला जावई आहे. मामा होते तोवर दर दिवाळीला आहेराच्या कपड्यांवर साबणाची एक वडी ठेवत.

ही गोष्ट आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना पाठ आहे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं झाली आणि सतरंज्यांवर माणसं पाय पसरून बसली की कुणीतरी म्हणतंच, "काका, ती अंड्याची सांगा." मी सांगतो. कोंबडीची मान वाकडी करून दाखवतो, मंगलचा आवाज काढतो, मामांचं हसणं तर मला इतकं जमतं की त्यांची सख्खी पोरं डोळे पुसतात. आणि मामांच्या हसण्यावर मी थांबतो. सांगणाऱ्याला कळतं कुठं थांबायचं ते. त्यानंतर जे झालं ते मी कुणाला सांगत नाही. लपवायचं म्हणून नव्हे, ते घरातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलंच होतं. त्यात हसण्यासारखं काही नाही, एवढंच. ते इथं लिहितो.

हसणं चालू असतानाच वहिनी उठल्या. वाटी त्यांनी भिंतीकडं सरकवून ताटलीनं झाकली, हात धुतले आणि छपरात गेल्या. टोपलं घेऊन परत आल्या. परातीत कोमट पाणी ओतलं, मनगट बुडवून बघितलं, जरा गार पाणी घातलं, आणि ओसरीवर, पाहुण्यांच्या समोरच, एकेक अंडं त्या पाण्यात सोडायला लागल्या. तोवर हसणं आपोआप थांबलं होतं. ताजं अंडं तळाशी जातं. उबलेलं वर तरंगतं. आणि उबलेल्यात जीव असला तर पाणी स्थिर झाल्यावर ते स्वतःहून हलतं. आतलं पिल्लू पाय मारतं त्याच्या धक्क्यानं. आम्ही सगळे परातीभोवती उभे. पोरीचे वडील चष्मा काढून वाकले होते. मामा पाटावरून उठून आले होते. वहिनी पाण्याकडं बघत होत्या, आणि तरंगणारी बहुतेक अंडी तशीच राहिली. ती सकाळी गार पाण्यात किती वेळ होती हे मला माहीत होतं. मग एक हललं. जरासं, झोपेत माणूस कूस बदलतो तेवढं. मग त्याच्यापासून लांब आणखी एक.

"हाय गं बाई, जीव हाय," पोरीची आत्या एकदम म्हणाली आणि खाली बसली. ज्या बाईच्या नजरेला मी सकाळपासून भीत होतो ती आता आमच्या सारवलेल्या ओसरीवर मांडी घालून बसली होती.

वहिनींनी दोन्ही अंडी पदरानं टिपली. कोंबडीला आणून त्यांच्यावर ठेवली, ती उठली. ओंजळीत धरून पुन्हा ठेवली, पुन्हा उठली. तिचं मन मोडलं होतं. मग वहिनींनी पदराची लहान झोळी केली, अंडी तिच्यात घेतली आणि ती झोळी कमरेला, पोटाशी, घट्ट खोचली. आणि तशाच त्या स्वैपाकाला लागल्या. पोळ्या लाटल्या. पंगत वाढली. येसरची आमटी वाढताना त्या कमरेत वाकत नव्हत्या, गुडघ्यांत वाकून अख्ख्या खाली बसत आणि उठत, प्रत्येक पानापुढं. एक हात आमटीच्या पळीवर, एक पोटावर. पोरीच्या आत्यानं त्यांच्या हातातून भांडं घ्यायला बघितलं. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुमी पाव्हण्या." मी माझ्या पानावरून मान वर केली नाही. आमटी कशी झाली होती ते मला आठवत नाही, मामांनी तीनदा मागून घेतली एवढं आठवतं.

पाहुणे गेल्यावर मी बिस्किटाचा खोका आणला, त्यात बल्ब सोडला, भुस्कट पसरलं. फार हुशारीनं केलं. संध्याकाळी वीज गेली. मग मायनं अंडी चुलीमागच्या भानवशीवर ठेवली, तिथं ऊब असते. पण चूल पेटली की फार आणि विझली की काहीच नाही, म्हणून कुणीतरी सारखं हात लावून बघायचं. त्यापुढचे दिवस आमच्या घरानं अंडी उबवली. अण्णा दुपारी जेवायला आले की बंडीच्या आतल्या खिशात ती घेऊन भिंतीला टेकून बसत, आणि कुणी हाक मारली तरी उठत नसत. दादा ट्रॅक्टरच्या इंजिनावर तापवलेली वाळू फडक्यात बांधून आणी. माय वाकळेत घेऊन बसे आणि बसल्या बसल्या शेंगा फोडी. कापूस वेचायला वहिनी त्यांना पोटाशी बांधून गेल्या. सगळ्यांची कामं चालूच होती, आणि सगळ्यांचा एक हात त्या दोन अंड्यांवर होता. मी प्रत्येक वेळी पुढं होऊन म्हणायचो, "माझ्याकडं द्या, मी मोकळाच हाय." वहिनी म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या भावजी, तुमचा आभ्यास आसंल." रागानं नाही. त्या मला कधीच रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर माझी सुटका झाली असती. तसं काही झालं नाही, आणि सुट्टी संपली तरी मी बीडला गेलो नाही.

एका सकाळी भानवशीवरून चिवचिव आली. वहिनी धार टाकून धावल्या. दोन्ही फुटली होती, पिल्लं टरफलात अर्धी अडकलेली. वहिनींनी घाई केली नाही, त्यांची त्यांना बाहेर येऊ दिली. ऊब लागून पिसं वाळली, फुलली. मग त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं, दारातल्या उजेडात नेलं आणि त्याच्या मानेवरून एक बोट फिरवलं, खालून वर. दुसरं घेतलं. त्याच्याही मानेवरून बोट फिरवलं. दोन्हींच्या मानेवर मऊ, पिवळी, दाट पिसं होती.

मायनंही वाकून बघितलं. मग म्हणाली, "बापाच्या वळणावर गेली."

"व्हय," वहिनी म्हणाल्या.

पिल्लं त्यांनी त्या म्हातारीच्याच पुढं सोडली. अंडी नाकारलेली ती कोंबडी चिवचिव ऐकल्याबरोबर बदलली. अंग फुगवून खाली बसली, पंख जरासा उचलला, आणि दोन्ही आत शिरली. तिला मानेचं काही नव्हतं. त्या उन्हाळ्यात गावात कोंबड्यांत मर आली आणि आमचं खुराडं रिकामं झालं, त्यात तीही गेली. मधल्या काळात तिनं पुन्हा अंडं धरलं नव्हतं. दादानं वहिनींसाठी बाजारातून दुसऱ्या कोंबड्या आणल्या. उघड्या मानेच्या शोधल्या पण त्याला मिळाल्या नाहीत, असं तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "कशाला शोधल्या? ह्या चांगल्या हायत की."

लग्न होऊन सुमन घरात आली तेव्हा ते टोपलं माजघरात उपडं पडलेलं होतं, त्यात मंगल आपली बाहुली झोपवायची. सुमनला मामांनी अंड्यांची गोष्ट आधीच सांगितलेली. मी ती पहिल्यांदा रंगवून सांगितली ती आमच्या पहिल्या संक्रांतीला, सुमनच्या बहिणी आल्या होत्या तेव्हा. दाद मिळाली. तेव्हापासून सांगतोच आहे. केस गेले, शाळेच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली, गोष्ट तशीच ताजी.

परवा मंगलच्या धाकट्याचं जावळ होतं. दादाच्या नव्या घरी, मोठा मांडव, जेवणं झाली. पोरं म्हणाली, सांगा. मी सांगितली. त्या दिवशी मंगलसुद्धा आपल्या चार वर्षांच्या आवाजात मला साथ देत होती, त्यामुळं फारच रंगली. माणसं हसून हसून आडवी झाली. परत येताना मी खुशीत होतो. बीडच्या नाक्यावर मोसंबी घ्यायला गाडी थांबवली, पिशवी सुमनच्या मांडीवर दिली आणि म्हटलं, "आज लई जमली, न्हाई का?"

सुमन पिशवीचं तोंड बांधत होती. ती म्हणाली, "मामाचं हसू आलं की वहिनी उठतात. तुमाला दिसत न्हाई, तुमी माणसांकडं बघत आसता. कधी पाणी आणते म्हणतात, कधी दूध बघते म्हणतात. संक्रांतीला बी उठल्या होत्या. आज मी मागं गेले. म्हटलं, दूध उतू जात आसंल तर मी बघते. त्या ओट्यापाशी नुसत्या उभ्या होत्या. गॅसवर काईच नव्हतं."